गडमुडशिंगीतले ग्रीक

फुलेवाडी, कोल्हापूर
शुक्रवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय विजयसिंह दाजी यांच्या सेवेशी,

आपला मेहुणा बाळासो याचा फुलेवाडीहून वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द सांभाळून घ्यावा. कंबर आता निम्म्यापर्यंतच येते, उरलेला नमस्कार मनाने पुरा झाला असं समजावं.) आपला डावा गुडघा आणि आमच्या चिमणाक्काचा स्वभाव या थंडीत कितपत वळतात ते कळवावं. नेसरीकडचा ऊस गेला का, गाभण म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर रेडकू कुणावर गेलंय, तेही सविस्तर लिहावं. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द मी पन्नास वर्षं पत्रांत रीत म्हणून लिहीत आलो, पण या खेपेला तो लिहिताना हात थांबला आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. गेल्या रविवारी दुपारी पावणेतीन वाजता मी सुखरूप नव्हतो, दाजी. परक्या गावात, परक्या मांडवात, तोंडात साखर घेऊन मी उभा होतो आणि ती साखर गिळताही येत नव्हती आणि थुंकताही.

आपण म्हणाल, घरात दोन-दोन फोन असताना हा म्हातारा पत्र का लिहितोय. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोन चिमणाक्का उचलते आणि ती माझं पहिलं वाक्य पुरं होऊ देत नाही. दुसरं कारण पत्राच्या शेवटी आपोआप समजेल.

मुळापासून सांगतो. आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. विषय बहुधा मधुमेह. कधी बदल म्हणून रक्तदाब. या महिन्यात ठरलेले डॉक्टर आले नाहीत, तेव्हा सेक्रेटरींनी गल्लीतल्याच एका निवृत्त प्राध्यापकांना ऐनवेळी धरून आणलं आणि ते दीड तास प्राचीन ग्रीक लोकांच्या पाहुणचारावर बोलले. आम्ही चौदा जण होतो. नऊ झोपले, चौघं चहासाठी थांबले होते, आणि एक मी. मी मात्र हललो नाही. त्या लोकांत म्हणे एक धर्मच होता, झेनिया नावाचा. दारात अनोळखी माणूस आला की त्याला आत घ्यायचं, हातपाय धुवायला पाणी द्यायचं, पोटभर जेवू घालायचं. जेवून त्याने हात पुसले की मगच विचारायचं, बाबा, तू कोण, कुठला, कशासाठी आलास. त्याआधी नाव विचारणं म्हणजे रानटीपणा. त्यांचा थोरला देव झ्यूस हाच परक्यांचा पाठीराखा, आणि देवांना फाटक्या कपड्यांत हिंडून लोकांची घरं तपासायची खोड, त्यामुळे दारातला भिकारी देव नसेलच असं कुणाला छातीठोक सांगता येत नसे. (आमच्या कालवा खात्यातले मोठे साहेब असेच साध्या कपड्यांत तपासणीला यायचे. मी त्यांना दोनदा कालव्यावरून हाकलून दिलं होतं, म्हणून हा मुद्दा मला लगेच पटला.) पाहुण्यालाही नियम होते. बेताने खायचं, वेळेत उठायचं, यजमानाच्या घराचं वाईट चिंतायचं नाही. आणि निघताना यजमानाने त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत नीट पोचतं करायचं, हे शेवटचं कलम. त्यांच्या भाषेत परका आणि पाहुणा या दोघांना शब्दही एकच होता, असं सांगून प्राध्यापक आम्ही थक्क व्हावं म्हणून थांबले. कुणीही थक्क झालं नाही. आपल्या भागात मोटारसायकलच्या आडव्या आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा 'ओ पावणं' म्हणूनच शिवी देतात.

पण पुढचं जे ते बोलले ते मी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. ते म्हणाले, आपण माणूस कोण आहे हे आधी ठरवतो आणि मग त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवतो. ग्रीकांनी हा क्रम फिरवला. आधी वागणूक, मग ओळख. त्यांच्यातले विचारवंत तर असंही म्हणत, की परक्यावरचा अन्याय घरच्या माणसावरच्या अन्यायाहून वाईट, कारण परक्याच्या बाजूने बोलायला त्या गावात कुणीच नसतं. दाजी, हे ऐकलं आणि मला एकदम आमचे तळाशीकर गुरुजी दिसले, धोतराचा सोगा हातात धरून फळ्यापुढे येरझाऱ्या घालणारे. कवितेच्या तासाला गुरुजी अर्थ सांगत नसत. आधी पाठ करा, म्हणत. अर्थ विचारणाऱ्याला बाकावर उभं करत. आम्ही चाळीस पोरं कौलं हलतील अशा आवाजात कविता म्हणायचो आणि एकाही ओळीचा अर्थ एकालाही ठाऊक नसायचा. त्या ओळी आत आल्या, बसल्या, राहिल्या. मी त्यांना नाव विचारलं नाही. मग पुढे कधी कालव्याच्या भरावावरून सायकल ढकलताना, कधी आईला पोचवून रिकाम्या घरी परत येताना, त्यांतली एखादी ओळ आपणहून उठायची आणि आपण कोण ते सांगायची. तीस-तीस वर्षं माझ्याकडे राहिलेली पाहुणी ती. म्हणजे आमचे गुरुजी ग्रीक होते आणि त्यांना शेवटपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. (हे मी तिथेच उभं राहून सांगितलं. त्यामुळे झोपलेल्या नऊ जणांतले तीन जागे झाले आणि चहा लवकर आला.)

तर अशा भारावलेल्या अवस्थेत, व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी, घरच्यांनी माझ्यावर घरातलं सगळ्यांत नाजूक काम सोपवलं. काम होतं राजनंदिनीचं. माझी ही नात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या मे महिन्यात तिने गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेचे सहा कॅन परत पाठवले. संस्थेचा तरुण सेक्रेटरी सम्राट भांडायला आला. भांडून गेला. राहिलेलं भांडण पुरं करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि असं आठ महिने चाललं. आता दोघांना लग्न करायचं आहे. आमच्याकडून काही अडचण नव्हती. अडचण सम्राटच्या आजोबांची. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, बावीस वर्षं ते त्या संस्थेचे चेअरमन आहेत, आणि जिनं माझं दूध माघारी धाडलं तिच्या हातचा चहा मी पिऊ काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आमच्या थोरल्याने त्यांना फोनवर समजावलं. (आपण आमच्या थोरल्याला ओळखता. त्याने समजावल्यावर प्रकरण फार चिघळलं.) शेवटी सम्राटने हातापाया पडून आण्णांना एवढ्यावर आणलं, की रविवारी गावची जत्रा आहे, मुलीकडचं एक जाणतं माणूस एक वाजता माझ्या घरी जेवायला येऊ दे, माणूस बघतो आणि मग हो की नाही ते सांगतो. पाहुणा जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही, असंही ते म्हणाले. आण्णांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, असं त्या दोन पोरांनी आपसांत ठरवलेलं. म्हणजे सगळं त्या एका जेवणावर आलं. जी पोर जिना उतरली की शेजारच्या तीन घरांना कळतं, ती पंधरा दिवस दबक्या पावलांनी वावरत होती.

जाणतं माणूस म्हणून माझी निवड झाली, कारण थोरल्याला पाठवणं शक्य नव्हतं, आणि आमची मंडळी बनाबाई सोबत आली तर आपल्याला घाई झालीय असं दिसेल, असं खुद्द बनाबाईनेच ठरवलं. निघताना राजनंदिनीने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तीन गोष्टी बजावल्या. आजोबा, तिथं कविता म्हणायची नाही. ग्रीक काढायचे नाहीत. आणि दूध संस्थेच्या पुढं निळं फाटक, आत ट्रॅक्टर, तेच घर. सम्राटचा नंबरही फोनमध्ये घालून दिला. पण व्याख्यानासाठी मुका केलेला फोन माझ्या खिशात मुकाच राहिला होता.

गडमुडशिंगीला उतरलो तर साऱ्या गावाचा एकच मांडव झालेला. जत्रेचा दुसरा दिवस, म्हणजे मटणाचा. आपणांस काय सांगायचं, आपल्याकडे जत्रेला कोण कुणाकडे जेवतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मित्राचा मित्र येतो, त्याचा मेहुणा येतो, मेहुण्याला सोडायला आलेला रिक्षावाला पण येतो, आणि सगळ्यांच्या पानात सारखंच पडतं. मी दूध संस्था ओलांडली, पुढे निळं फाटक दिसलं, आत ट्रॅक्टर होता. (त्या गावात फाटकांना लावायला निळा सोडून दुसरा रंग मिळत नाही, हे मला नंतर सांगण्यात आलं. ट्रॅक्टर तर मी पुढे मोजायचेच सोडून दिले.) फाटकात दाढी कोरलेला, काळा चष्मा घातलेला एक उमदा तरुण उभा होता. राजनंदिनीने फोनवर दाखवलेला सम्राटही दाढी कोरलेला आणि काळ्या चष्म्याचाच होता. त्याने लांबूनच हात केला, या की पावणं, असं उन्हात का हुबारलायसा, म्हणाला, आणि माझा हात धरून मला मांडवात नेऊन बसवलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर, जेवा आधी, म्हणाला.

दाजी, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. जेवा आधी. नाव मग. समुद्रापलीकडच्या, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा धर्म गडमुडशिंगीत पाळला जातोय आणि तोही माझ्या होणाऱ्या नातजावयाकडून. मी ठरवलं की आपणही कमी पडायचं नाही. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही, हात पुसेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. आणि खरोखर नाही काढलं. शेजारी बसलेल्याने दोनदा विचारलं, कुठलं म्हणायचं पावणं, तर मी नुसता मंद हसलो. (तो नंतर दोन पानं सोडून बसला.) मटण उत्तम होतं. रस्सा असा होता की तिसऱ्या वाटीला मला माझी मेलेली आत्या आठवली. साखरेच्या गोळीचं, डॉक्टरांचं, बनाबाईचं, सगळ्यांचं स्मरण करून मी अडीच भाकरी खाल्ल्या आणि वर भात. पाहुण्याने बेताने खावं हे ग्रीक कलम मला मुखशुद्धीच्या वेळी आठवलं.

जेवण झाल्यावर मांडवाच्या कडेला खाटेवर बसलेल्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी मला शेजारी बोलावलं. कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज मोटेवरचा. त्या आण्णांच्या मंडळी असणार आणि आण्णा आत कलंडले असणार, असं मी माझं मीच ठरवलं. म्हटलं, आता हात पुसलेत, आता बोलायला हरकत नाही. आणि दाजी, मी बोललो. आयुष्यात इतकं नेटकं मी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, माझी नात आहे, राजनंदिनी, शिकलेली आहे, नोकरी करते, कामाला चोख आहे. पोरीचं मन या घरावर आहे. आमची काही अट नाही, अपेक्षा नाही. तुमच्या या पोरासाठी आमची पोर पदरात घ्या, एवढंच मागायला मी उन्हातून आलोय. म्हातारीचे डोळे भरून आले. तिने आतल्या बायकांना हाक मारली, सात-आठ बायका बाहेर आल्या, त्यांनाही रडू आलं. मला वाटलं, किती मऊ मनाची माणसं, आणि आमचा थोरला यांच्याशी भांडतो. कुणीतरी साखरेची वाटी आणली, म्हातारीने चिमूट माझ्या तोंडात घातली. दाढीवाल्याला बोलावलं. चष्मा काढून तो पाया पडायला वाकला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, सुखी राहा सम्राटराव.

तो वाकलेलाच थांबला. मग म्हणाला, "मी यशराज."

म्हातारीने पदराने डोळे पुसले, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "पावणं, तुमी आलायसा कुनाकडं?" (जेवण झाल्यावर, हात पुसल्यावर, बरोबर क्रमाने. या प्रसंगातही मला ते जाणवल्याशिवाय राहिलं नाही.)

मी सगळं सांगितलं. आण्णांचं नाव घेतलं तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीचं नाव बायडाबाई. यशराज हा तिचा नातू. वय चौतीस, बागायत सहा एकर, स्वभावाने गरीब, आणि अकरा ठिकाणांहून नकार आलेला, कारण मुलींना शेतावरचं घर नको. बाराव्या वेळी कुणी म्हातारा आपणहून दारात येऊन मुलगी देतो म्हणाला आणि तो मी निघालो. मला वाटलं आता माझी इथून धिंड निघणार, आणि निघाली असती तर मी चालतही गेलो असतो. पण यशराजने चष्मा शर्टाच्या कापडाने पुसला, परत डोळ्यांवर घातला आणि म्हणाला, "असू द्या आजोबा. जेवान तरी बरं झालं न्हवं?"

दाजी, इतक्या कविता पाठ आहेत मला. त्या वेळी एकही मदतीला आली नाही. मी नुसती मान हलवली. बायडाबाई म्हणाली, साखर गिळा आधी, घशात बसंल. मग मी ती गिळली.

फोन काढून बघतो तर एकोणीस फोन येऊन गेलेले. पावणेतीन झाले होते. आण्णा सकाळपासून उपाशी बसले असणार, आणि त्यांच्या घरचा मानाचा पाहुणा दोन गल्ल्या अलीकडे अडीच भाकरी रिचवून साखर खातोय. मी घाईने उठलो तर बायडाबाईही उठली. त्या दोन घरांत संस्थेच्या निवडणुकीपासून बोलणं बंद आहे, नऊ वर्षं तिने त्या दारात पाऊल टाकलेलं नाही, हे मला यशराजने हळू आवाजात सांगितलं. म्हातारीला ते ऐकू गेलं. ती म्हणाली, माझ्या पानावर जेवलेला मानूस दुसऱ्याच्या दारात बोलणी खायाला एकटा जातोय, आन मी हितं खाटंवर बसू व्हय. आणि चपला घातल्या. शेवटचं कलम, दाजी. पुढच्या मुक्कामापर्यंत नीट पोचतं करणं. व्याख्यान मी ऐकलं होतं, पण कलम तिला ठाऊक होतं.

आण्णा ओसरीवर बसले होते. पुढे झाकलेलं ताट, हाताची घडी, भुकेने डोळे लाल. सम्राट खांबाला टेकून उभा, चेहरा पार उतरलेला. (चष्मा नव्हता. दाढी मात्र तंतोतंत तीच, यात माझी चूक नाही हे आजही मी म्हणतो.) मला बघूनही आण्णांनी घडी सोडली नाही. माझ्यामागून बायडाबाई आत आली तेव्हा मात्र घडी घातलेले हात सुटले. मग त्यांनी एकच विचारलं, जेवून आलायसा काय. हो म्हणावं तर अपमान, नाही म्हणावं तर खोटं, आणि शर्टावर रस्सा सांडलेला. मी तोंड उघडण्याआधी बायडाबाई पुढं झाली. म्हणाली, "व्हय, जेवलाय. वाटंत माझ्या पोरानं धरून बसवला, नाव-गाव इचारलं न्हाई. राग धरायचा तर माझ्यावर धर आण्णा, ह्येच्यावर नगं."

आण्णांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षांचा हिशोब होता तो, त्याला वेळ लागणारच. मग ते सम्राटला म्हणाले, दोन पानं आणिक वाढ. आणि मला म्हणाले, बसा.

आता यापुढचं मी बनाबाईला सांगितलेलं नाही, आपणही चिमणाक्काला सांगू नये. पुन्हा मटण. पुन्हा रस्सा. आण्णा समोर बसून माझ्या हाताकडे बघत होते, मी किती भाकरी मोडतो ते. पहिली भाकरी मी राजनंदिनीच्या जिन्यावरच्या पावलांसाठी खाल्ली. दुसरी कशासाठी खाल्ली ते आठवत नाही, कारण त्या वेळी डोळ्यांपुढे काजवे होते. शेजारी बायडाबाई, तीही दुसऱ्यांदा जेवायला बसलेली, निमूट खात होती आणि मधूनच माझ्याकडे बघून, होतंय, होतंय, अशी मान हलवत होती. भाताच्या वेळी आण्णांनी तोफ डागली. तुमच्या नातीनं माझं सहा कॅन दूध माघारी धाडलं, बावीस वर्षांत असं कुनी केलं न्हवतं, ते म्हणाले. थोरल्याने इथे दुधाचे आकडे सांगितले असते. मला आकडे ठाऊक नव्हते. मी खरं तेच सांगितलं, की तिला कुणाचं दूध आहे ते ठाऊकच नव्हतं. तिच्यापुढे कॅनवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. ती आधी तपासते. दूध कुणाचं होतं ते नंतर दुसराच कुणी वहीत बघतो. आण्णांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "आन नाव दिसलं असतं तर?"

पोट फुटायला आलं होतं. खोटं बोलायला माणसात थोडी जागा लागते, ती माझ्यात उरली नव्हती. मी म्हणालो, "तरीबी माघारी धाडलं असतं."

सम्राटने डोळे मिटून घेतले. आण्णांच्या मिशा मात्र हळूहळू हलायला लागल्या. त्या दिशी गाडी तीन तास उनात हुबी होती, दूध फाटलं हुतं, मला ठावं हाय की, ते म्हणाले. पन चेअरमनच्या संस्थेचा नंबर वळखून समदी पास करत्यात. म्हटलं ही कोन लागून गेली ती बगावं. मग त्यांनी आतून साखर मागवली. (पुन्हा साखर. मधुमेहाचं व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे, तोवर कळ काढीन.) चिमूट माझ्या तोंडात, चिमूट बायडाबाईच्या. सम्राट फाटकाबाहेर जाऊन फोन लावत होता आणि पलीकडून राजनंदिनी जे ओरडली ते मला ओसरीवर, फोन कानाला न लावता ऐकू आलं.

परतताना यशराजने मला मोटारसायकलवरून फुलेवाडीपर्यंत आणून सोडलं. मी मागे बसून वाऱ्यावर सगळ्या कविता म्हटल्या, पाठ होत्या तेवढ्या. दोन दिवस मी नुसत्या ताकावर होतो. पण दाजी, पोर पुन्हा दाणदाण जिना उतरते आहे. शेजारच्यांनी तक्रारही केली. मी ती तक्रार दोनदा ऐकून घेतली, इतकी गोड वाटली.

लग्न वैशाखात. पत्रिका घेऊन मी स्वतः नेसरीला येईन. चिमणाक्काला माझा नमस्कार सांगावा, पण ती बऱ्या मनःस्थितीत असताना. थोडा ओवा पाठवता आला तर पाठवावा.

आपल्या आशीर्वादाने आणि दोन घरच्या जेवणाने अजून तग धरून असलेला,
आपला
बाळासो

ता.क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. फुलेवाडीच्या कोपऱ्यावर उतरवताना यशराजने चष्मा काढला आणि खाली बघत विचारलं, "आजोबा, तुमच्यात आणिक कुनी हाय का?" मी फार विचार केला नाही. तेजस्वीचं नाव सांगून टाकलं. आपली नात सत्तावीस वर्षांची आहे, जयसिंगपूरला रोपवाटिकेत काम करते, हाताला माती लागली तर तिला चालते, आणि चार मुलं तिने नाकारली आहेत, तर पाचवा नाकारायला तिचं काय जातंय. ती नको म्हणाली तर कुणी दुसरा शब्द काढणार नाही, हे मी बायडाबाईकडून फोनवर वदवून घेतलं आहे. पण त्या पोराला एकदा बघा, दाजी. पत्र लिहिण्याचं दुसरं कारण ते हेच. आधी लिहिलं असतं तर आपण पुढचं काही वाचलं नसतं.

ता.क. २. बायडाबाई म्हणते, आम्ही कोण ते आधी सांगायचं नाही. न इचारता वाढतात का ते बगायचं, मग बोलायचं. त्यामुळे रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला आपल्या दारात पाच माणसं येतील, पाणी मागतील आणि नाव सांगणार नाहीत. तेजस्वी त्या दिवशी घरी असते हे मीच त्यांना सांगितलं. हे चिमणाक्काला आधी कळलं तर ती मला काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणून तिला कळू नये.

ता.क. ३. टपालपेटीपाशी आल्यावर कळलं की आजचं टपाल निघून गेलं. म्हणजे हे पत्र आपल्या हाती सोमवारी किंवा मंगळवारी पडेल. तसं झालं तर दाजी, रविवारी आपल्या दारात आलेली ती पाच माणसं हीच. त्यांना आपण आत घेऊन जेवू घातलं असेल तर हे पत्र फाडून टाकलं तरी चालेल. नसेल घेतलं, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावं, आणि चिमणाक्कालाही मोठ्याने वाचून दाखवावं.